सतरा नंबरची पंगत

१

साडेबाराला वरण-भात मऊ कालवायचा. यांच्या गळ्याभोवती पंचा बांधायचा. चमचा डाव्या गालाकडून घालायचा, कारण उजवी बाजू श्रावणातल्या झटक्याने गेलेली. दहा-बारा घास झाले की हे मान फिरवतात. मग तोंड पुसायचं, गोळी द्यायची, कूस बदलून द्यायची. दीडला डोळा लागतो. दीड ते साडेतीन हे दोन तास माझे. त्या दोन तासांत मी पाठ टेकते, कधी पेपर वाचते, बहुतेक वेळा नुसती छताकडे बघत पडते. चोवीस तासांतले बावीस दुसऱ्याचे असले की उरलेल्या दोनांवर माणूस किती जीव लावतं, हे ज्याने घरात आजारपण काढलंय त्यालाच कळेल.

हे म्हणजे माझे मालक, हिम्मतराव. मूळचे भालकीकडचे शेतकरी, पण तीस वर्षं मलकपेठेच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारला. आवाजावर घर चाललं आमचं. घरीही तोच आवाज. पानावरून हाक, न्हाणीतून हाक, जिन्याच्या खालच्या पायरीवरून हाक. चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीत माझं नाव पोराटोरांनाही पाठ होतं ते त्यामुळेच. "अहो, हळू. मी काय बाजारात उभी आहे का?" हे वाक्य छत्तीस वर्षांत मी किती वेळा म्हटलं असेल, देवाला ठाऊक.

झटक्यानंतर त्या आवाजातले सात शब्द उरले. पाणी, चहा, हो, नको, बास, अरे आणि पद्मा. बोलायला शिकवणारी हॉस्पिटलातली मुलगी म्हणाली होती, "काकू, हे सात सांभाळा. रोज वापरायला लावा. पुढचे शब्द यांच्याच मागून येतील." मी सांभाळत होते. पाण्याचा पेला समोर धरून थांबायचे, "पाणी" म्हणेपर्यंत द्यायचे नाही. वाईट वाटायचं, पण थांबायचे. सगळ्यात अवघड शब्द पद्मा, जोडाक्षर आहे ना. ओठ मिटायचे, गाल फुगायचे, डोळ्यांत पाणी यायचं आणि मग तो शब्द बाहेर पडायचा. दिवसातून एकदाच, सकाळी. त्या एका हाकेवर मी दिवस ढकलत होते.

२

चिक्कडपल्लीच्या घराला लागूनची इमारत पाडायला काढली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंती थरथरायला लागल्या. तेव्हा विक्रमने, आमच्या मुलाने, ही जागा शोधली. शंकरपल्लीच्या पुढे तळ्याकाठी एक कॅरव्हॅन पार्क आहे. चाकांवरच्या पत्र्याच्या खोल्या, ओळीने बावीस. चाकं नावालाच, सगळ्या विटांवर टेकवलेल्या. दिवाळीला उघडतं आणि शिवरात्रीला बंद होतं, कारण नंतर पत्रा तापून आत माणूस भाजून निघेल. विक्रमचं स्वतःचं घर चौदाव्या मजल्यावर, दोन खोल्या, चार माणसं. "आई, तिथं शांत आहे," तो म्हणाला. "पक्ष्यांचा आवाज तेवढा."

आम्हाला सोळा नंबर मिळाला. पलीकडे सतरा. मध्ये बारा पावलं आणि एक कढीलिंब. पहिला महिना खरंच शांत गेला. मला तर सुरुवातीला त्या शांततेचीच सवय होईना.

संक्रांतीच्या आधी आठवडाभर सतरा नंबर भरला. माणसं येताना मी पाहिली नाहीत, आत यांचं अंग पुसत होते. बाहेर आले तर दोरीवर कपडे वाळत होते आणि दारात चपलांचा ढीग.

दीडला सुरू झालं. आधी पाट सरकवल्याचे आवाज. मग ताटं मांडल्याचे, तांब्यांचे. मग माणसं. दहा-बारा माणसं एकाच वेळी बोलत होती आणि ऐकत कोणीच नव्हतं. कोणी वाढा म्हणतंय, कोणी कुणाची थट्टा करतंय, कोणी हसता हसता पत्र्यावर थाप मारतंय. मध्ये बारा पावलं, तरी तिकडची थाप इकडे माझ्या पाठीत लागायची. शब्द मात्र नीट कळत नव्हते. बोली आमच्याकडचीच वाटत होती, भालकी-उदगीरकडची, एवढं कळत होतं. मी उशी कानावर घेतली. साडेतीनला यांनी डोळे उघडले आणि नळाचं पाणी जावं तसा आवाज थांबला.

तीन दिवस मी सोसलं. चौथ्या दिवशी यांना अंग पुसल्यावर लवकर डोळा लागला, एकला दहा कमी असताना. शेजारचे पाट एकला दहा कमी असतानाच सरकले. पाचव्या दिवशी यांना खोकला होता, दोन वाजून गेले तरी झोपले नाहीत. दोन वाजून जाईपर्यंत सतरा नंबरात चिटपाखरू नव्हतं. मी मनात म्हटलं, पद्मावती, तुला झोप नाही म्हणून असलं काहीतरी सुचतंय. जेवायची वेळ मागेपुढे सगळ्यांचीच होते.

पार्क बघणारा कुलदीप म्हणून एक चांगला माणूस आहे. त्याला बोलावून सांगितलं.

"आंटी, मैं जाको आया ना," तो तासाभराने येऊन म्हणाला. "उनो बोलरे, हम लोगां तो दुपेर में सोते. चारीच जने लिखाए सो हैं."

"चार माणसांचा एवढा गलका?"

"फिरसे बोलतूँ, आंटी. टेन्शन नक्को लेओ."

टेन्शन नक्को म्हणणाऱ्याला दुपारी झोपायचं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. तिशी-पस्तिशीची बाई, गाऊनवर ओढणी, हातात पितळेचा डबा. जुन्या लग्नांत देत असत तसला, कडीच्या झाकणाचा. अंगावर नाव कोरलेलं होतं, पण घासून घासून ते वाचण्यासारखं राहिलं नव्हतं.

"मी रेणू, वहिनी. सतराची. आमच्या गलक्याची तुमाला परेशानी झाली म्हणे. आमच्यात समदेच मोठ्यानं बोलतेत, काय करावं. हे घ्या, धपाटे हाईत."

बोलली गोड. मीही "कशाला एवढं, रेणूताई" म्हणत डबा घेतला. तिने आमच्या पलंगाकडे एक नजर टाकली. "झोपले नाहीत अजून?" तिने विचारलं. सकाळचे नऊ वाजले होते. असे प्रश्न विचारायचे असतात म्हणून लोक विचारतात, असं मी धरून चालले.

धपाटे चांगले होते. पण दुपारी पुन्हा तोच गलका. डब्यात धपाटे आणि कानात धुमाकूळ. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत.

आता डबा परत करायचा होता. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर गुळाचा खडा टाका, चार दाणे साखर टाका, पण रिकामं नाही. माझ्या सासूबाई तर म्हणायच्या, रिकामं भांडं परत गेलं की आपल्या घरातलं काहीतरी त्यात बसून जातं. मी चिवडा भरला आणि कढीलिंबापर्यंत जाऊन रेणूच्या हातात दिला. तिने दार अर्धंच उघडलं होतं. आतून काहीच आवाज नव्हता.

दुसऱ्या सकाळी तोच डबा, भरलेला. आता थालीपीठ. मी रव्याचे लाडू दिले. तिसऱ्या सकाळी तोच डबा, भरून. ज्याला शेजारधर्म म्हणतात तो असा गळ्यात पडला. त्यांच्याकडे बारा तोंडं आणि करायला हात असणार, माझ्याकडे दोन हात आणि एक पलंग. पण डबा ठेवून घ्यावा तर लोकांचं भांडं घरात, आणि परत द्यावा तर भरूनच द्यायला हवा. इकडे आड, तिकडे विहीर.

४

इथे मला एक कबूल करायचं आहे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी यांचा घसा बिघडला. रात्र जागून काढली, सकाळ धुण्यात गेली. दुपारी यांनी चारच घास खाल्ले आणि मान फिरवली. ताटलीत कालवलेला वरण-भात तसाच. रेणूचा डबा ओट्यावर, दीड वाजलेला आणि शेजारी पाट सरकायला लागलेले. मला रडू आलं. मग राग आला. आणि रागाच्या भरात मी ती ताटली डब्यात उपडी केली, वर तुपाची धार सोडली, झाकण लावलं.

उष्टं होतं ते. यांच्या तोंडातल्या चमच्याचं. उष्टं आपण कुणाला देत नाही. गाईलासुद्धा देताना विचार करतो. माझ्या माहेरी, सासरी, कुणी हे केलं असतं तर मी तिच्या हातचं पाणी प्यायले नसते. आणि मी ते केलं. दिल्यावर पुन्हा पलंगावर येऊन आडवी झाले. शेजारी हसणं चालू होतं. मी मनात म्हटलं, खा. खा आता. मला बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी रेणू आली.

"वहिनी, लई आवडलं म्हणून सांगायलेत समदे. तसलंच द्या की. दुसरं काई करत बसू नका, तुमचे हाल होतेत."

थट्टा करतेय का, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघितलं. करत नव्हती. तोंडाला पाणी सुटल्यावर माणूस जसं ओठ मिटून घेतं तशी ती उभी होती.

मग काय, मीही तसलंच दिलं. दमले होते हे खरं, पण नुसतं दमले म्हणून नाही. त्या गलक्याचं उट्टं काढायचं दुसरं साधन माझ्याकडे नव्हतं. सहा दिवस दिलं.

५

पहिल्यांदा गेला तो "बास".

भरवताना हे "बास" म्हणायचे आणि मी चमचा खाली ठेवायचे. त्या दिवशी म्हणाले नाहीत, नुसती मान फिरवली. मी म्हटलं, "बास? म्हणा, बास." माझ्याकडे बघत राहिले. हा शब्द आपण कधी ऐकलाच नाही असं तोंड. घशामुळे असेल, मला वाटलं. दुपारी पडले होते. शेजारच्या गोंधळात एक शब्द पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला. "बास, बास! पुरे आता, वाढू नका." भरदार, खर्जातला आवाज, बाजारातल्या माणसाचा असतो तसा.

असे आवाज आमच्या भागात शंभर असतील.

त्यानंतर "चहा" गेला. मग "अरे". मी हॉस्पिटलातल्या त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, यात चढउतार असतात. घाबरू नका, विश्रांती द्या." मी विश्रांती देत होते. दीडला डोळा लागायचा आणि शेजारून तो आवाज यायचा, "अरे, चहा ठेव रे कोणीतरी." आणि सगळे हसायचे. मी उठून बसायचे आणि यांच्या तोंडाकडे बघायचे. झोपेत ओठ हलत नव्हते. छाती वरखाली होत होती. मी कान जवळ नेला. श्वास होता, पण त्याला घोगरेपणाही उरला नव्हता, अगदी कोरडा.

पाचव्या दिवशी "नको" गेला. सहाव्या दिवशी "पाणी". मी पेला समोर धरून उभी होते, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. हे पेल्याकडे बघत होते, मग माझ्याकडे. शेवटी मीच पाजलं. म्हणजे आतापर्यंत मला कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. कळलं होतं की. पण कळलेलं कुणापुढे म्हणायचं? कुलदीपला सांगू, की माझ्या मालकांचे शब्द शेजारी जेवायला जातात?

आणि दुसरं, त्याहून वाईट. ते बोलणं ऐकायला मला आवडायला लागलं होतं. आता ते नुसते सात शब्द राहिले नव्हते. वाक्यं होती. मिरचीच्या भावाची, कुठल्या तरी लग्नातल्या फजितीची, एका हमालाच्या विसरभोळेपणाची. मी उशी कानावरून काढून टाकली होती.

६

रविवारी विक्रम आला. सुनेला आणि मुलांना परीक्षेमुळे आणता आलं नाही म्हणाला. वडिलांच्या उशाशी बसला, त्यांची नखं कापली, मोबाइलवर नातीचा फोटो दाखवला. यांनी फोटोकडे बघून "हो" म्हटलं. मला एवढा आनंद झाला की मी मुद्दाम पुन्हा विचारलं. पुन्हा "हो" म्हणाले.

जेवण झालं. हे झोपले. शेजारी पाट सरकले.

विक्रम खुर्चीत मोबाइल बघत होता. पाच मिनिटांनी त्याने मान वर केली.

"आई, कोण हसतंय?"

"शेजारचे."

"बाबांसारखं हसतंय ना कोणीतरी. सेम." तो हसला, आणि मग त्याचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. "काय आवाज आहे. बाबा असेच बोलायचे, नाही का? मी विसरलोच होतो."

"जाऊन बघतोस का?" मी विचारलं. मला वाटत होतं त्याने जावं. वाटत होतं त्याने जाऊही नये.

तो गेला. मी खिडकीतून बघत होते. त्याने सतराचं दार वाजवलं, थांबला, पुन्हा वाजवलं. परत आला तेव्हा कपाळाला आठ्या होत्या.

"कोणी उघडत नाही. आतून आवाज येतोय, पण दारापाशी गेलं की येत नाही. असं कसं?" मग स्वतःच उत्तर देऊन मोकळा झाला, "तळ्यामुळे असेल. पाण्यावरून आवाज कुठूनही येतो. आई, तू फार थकलीस. पुढच्या आठवड्यात मी सुट्टी टाकतो, आपण बाबांना घरी नेऊ."

पुढचा आठवडा. मी हो म्हटलं. संध्याकाळी तो गेल्यावर यांना विचारलं, "विक्रम आला होता, बरं वाटलं ना?" यांनी तोंड उघडलं. जीभ हलली. "हो" आला नाही.

त्या दिवशीचा डबा मी विक्रम यायच्या आधीच देऊन टाकला होता. सवयीने. आदल्या दिवशीचा उरलेला घास.

आता एकच राहिला होता.

७

सोमवारी सकाळी यांनी ओठ मिटले, गाल फुगवले. बराच वेळ लागला. मी पलंगाच्या कडेला बसून यांचा डावा हात हातात धरला होता. "पद्मा," हे म्हणाले. मग थकून डोळे मिटले. मी तो शब्द ऐकला आणि ठरवलं, हा कुणाला मिळणार नाही. काय व्हायचं ते होवो.

रेणूने सकाळी डबा दिला होता. त्यात काय होतं ते मी बघितलंही नाही, कढीलिंबाच्या बुडाशी नेऊन ओतलं. मग डबा घासला. चिंच लावून घासला, राखेने घासला, तीन पाण्यांनी धुतला, उन्हात पालथा घातला. आत एक कण राहू द्यायचा नव्हता. सासूबाईंची क्षमा मागितली. रिकामं भांडं देण्याचं पाप उष्टं देण्याच्या पापापेक्षा लहान असणार, असा मी हिशोब मांडला.

साडेबाराला यांना भरवलं. दीडला डोळा लागला. पाट सरकायच्या आत मी डबा घेऊन निघाले. उन्हं टळटळीत होती. बावीस कॅरव्हॅनी ओळीने उभ्या होत्या आणि माणूस एकही बाहेर नव्हतं. सतराच्या दारातल्या चपलांचा ढीग पहिल्या दिवशी होता तसाच होता. वरच्या चपलांवर धूळ होती. मी दार वाजवलं.

रेणूने डबा घेतला. कडी काढली, झाकण उघडलं, आत बघितलं. मला वाटलं रागावेल. रागावली नाही.

"रिकामाच, वहिनी?"

"हो. आता नका पाठवू काही. माझ्याच्याने होत नाही."

"असू द्या," ती म्हणाली. "सोता आलाव की तुमी. रिकामं कुठं हाय."

आणि ती दारातून बाजूला झाली. आजवर कधीच झाली नव्हती.

कॅरव्हॅन म्हणजे केवढी असते, मला माहीत आहे. आमच्यात चार माणसं खाली बसली तर दार लागत नाही. आत पंगत बसली होती. पाटांची एक ओळ, भिंतीशी पाठ लावून माणसं, समोर पानं वाढलेली. ओळ आत जात होती. जिथे पलंग हवा होता तिथून पुढे गेली होती, जिथे पत्रा संपायला हवा तिथूनही पुढे, आणि मग अंधारात मला ती दिसेनाशी झाली. सगळे बोलत होते. पण पानावरून मान कुणीच वर करत नव्हतं.

दाराजवळच्या पहिल्या पाटावर पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस होता. खाली वाकलेला, रुंद खांद्यांचा, मानेवर केस बारीक कापलेले. तो उजव्या हाताने भात कालवत होता. पाची बोटांनी, भराभर, काठाला भात न सांडता. मला त्या हातावरचा जुना डाग दिसला, पोत्याच्या दाभणाचा, यांच्या उजव्या हातावर आहे तसाच. बघायला मी पुढे वाकले नाही.

"पद्मा," तो पानाकडेच बघत म्हणाला, "मीठ आण गं."

जोडाक्षरसुद्धा अडखळलं नाही.

"आणते," मी म्हणाले. मी म्हणायला नको होतं. पण छत्तीस वर्षं जे तोंडातून आपोआप निघालं ते त्या दिवशी थांबेल कसं. रेणू हसली. आत जागा करायला कोणीतरी पाट सरकवला.

मी परत आले. बारा पावलं, की किती, मोजली नाहीत. हे जागे होते. हे जागे होते आणि शेजारी गलका चालूच होता. असं आजवर एकदाही झालं नव्हतं.

मी पलंगाशी बसले. यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले. गाल फुगले. "म्हणा," मी म्हटलं. "सावकाश. मला कुठं जायचंय?" कपाळावरची शीर ताठ झाली. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे गेलं. मी पंच्याने पुसलं आणि पुन्हा म्हटलं, "म्हणा ना." ओठ उघडले. आतून हवा आली नुसती. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. किती वेळ आम्ही दोघं असे बसलो होतो कोण जाणे. मला एकदा वाटलं, आला. तो पलंगाचा आवाज होता.

शेजारून हाक आली. "पद्मा. अगं, मीठ."

त्या हाकेला मी आयुष्यभर वैतागले होते आणि पाच महिने तिच्यासाठी तळमळले होते. ती आता बाहेरून येत होती, सगळ्या ओळीला ऐकू जाईल एवढी मोठी, जराशी चिडकी, भुकेल्या माणसाची. माझ्या समोर पलंगावर जे होतं त्याला भूक लागली की नाही हेसुद्धा मला विचारून कळणार नव्हतं. मी फार दमले होते. एवढी मी कधीच दमले नव्हते.

मी उठून मिठाची बरणी घेतली. यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला. त्या हातात अजून जोर आहे, सगळा जोर लावला होता. मी एकेक बोट सोडवलं, दुखणार नाही असं, आणि हात पांघरुणावर ठेवला.

"आले, आले," मी म्हणाले, पण तोंड दाराकडे होतं.